देवमनभाऊंची उलटतपासणी

संशय घेण्यात मी स्वतः काही कमी नाही. माझे वडील अकोल्याच्या कोर्टात वकिली करत आणि दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत कुणाचंही म्हणणं ते एका दमात मान्य करत नसत. शाळेतून यायला उशीर झाला तर कारण सांगावं लागे. मग तेच कारण जेवताना पुन्हा सांगावं लागे, आणि दोन्हींत फरक पडला की आई कपाळाला हात लावी. पुढे मी पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि वलगावच्या पुढच्या एका गावात सरकारी दवाखान्यात रुजू झाले. जनावरं तरी खोटं बोलत नाहीत, बरं झालं, असं मनाशी म्हटलं. जनावरांबरोबर माणसं येतात हे मी विसरले होते. आणि त्या गावात देवमनभाऊ राहतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. साठी ओलांडलेला, उंच, वाळका माणूस, खांद्यावर दुपट्टा. बरोबर जनावर नाही. मी म्हटलं, काय आणलंय?

"आणलं काही नाही. पाहाले आलो. तुमीच का डॉक्टरीनबाई?"

"हो."

"कोणत्या गावच्या?"

"अकोल्याची."

"बकऱ्या पाह्यल्या का पुस्तकातच?"

मी काही बोलणार तेवढ्यात ते सरळ आत आले, कोपऱ्यातल्या फ्रीजचं दार उघडून आत हात घातला आणि लशींच्या बाटल्यांना बोट लावून पाहिलं. "लाईट जाते तवा हे थंड राहते का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की बर्फाच्या पिशव्या ठेवल्यात, चार तास थंड राहतं. "अन् सहा तास गेली त?" त्या गावात सहा तास लाईट जाणं ही काही नवलाई नव्हती. त्यांनी मान हलवली, दार नीट लावलं आणि निघून गेले. मला भयंकर राग आला होता, कारण प्रश्न बरोबर होता.

देवमनभाऊ कोण, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं. ते गावाचा बोकड सांभाळत.

गावात बकऱ्या घरोघरी होत्या. कपाशी-तुरीवाल्यांकडे दोन-तीन, ज्यांना शेत नाही त्यांच्याकडे आठ-दहा. पण बोकड कुणी ठेवत नसे. त्याचा वास घरात कोण सहन करणार, आणि शिवाय बोकड जरा भरला की बाजारात जायचा. म्हणून बकरी माजावर आली की बायका तिला देवमनभाऊंच्या अंगणात आणत. तिथला बोकड ते दर दोन वर्षांनी बदलत. अकोल्याकडच्या बाजारात जाऊन तीन-तीन दिवस विकणाऱ्याच्या मागे बसत आणि मगच नवा घेऊन येत. मी होते तेव्हाचा बोकड काळा, पांढऱ्या कानांचा आणि भुंडा, म्हणजे जन्मतः बिनशिंगांचा होता. त्याचं नाव भाऊंनी 'सरपंच' ठेवलं होतं. खऱ्या सरपंचांनी यावर दोनदा निरोप पाठवला होता. भाऊंनी उत्तर दिलं होतं की बोकडाची काही तक्रार नाही.

बोकडाच्या कामाचे पैसे भाऊ घेत नसत. बाईनं पदरात ओंजळभर सरकीची ढेप बांधून आणायची. भाऊंनी ती हातात घेतली म्हणजे होकार. पण प्रश्न संपेपर्यंत ते ढेपेकडे बघतसुद्धा नसत. बाजेवर बसून, दुपट्ट्यानं तोंड पुसून सुरुवात व्हायची.

"कोणाच्या घरची?"

"माह्या घरची, भाऊ."

"तुह्या घरी कोठून आली?"

"माह्या भावानं देल्ली, भातकुलीहून."

"वेत कितवं?"

"दुसरं."

"पयल्याचे पिल्लं कोठी हाये?"

"एक हाये. एक मेलं."

"मेलं का मेलेलंच झालं?"

इथे बाई जरा थांबायची. आणि ती थांबली की भाऊंचे डोळे बारीक व्हायचे. मग ते उठून बकरीची पापणी खाली ओढून बघत, कास चाचपत, शेपूट वर करून खालचा भाग निरखत, बोट लावून वास घेत. आणि पुन्हा बाजेवर बसून तेच प्रश्न दुसऱ्या क्रमानं विचारत. गाभडली होती का, म्हणजे गर्भ पडला होता का? कितव्या महिन्यात? वार आपोआप पडली का ओढली? अंगावरून घाण जात होती का? मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला माझ्या वडिलांचं ऑफिस आठवलं.

एकदा मी तिथं लसीकरणाची वही घेऊन बसले होते तेव्हा एक माणूस धष्टपुष्ट बकरी घेऊन आला. म्हणाला, पहिलारू आहे, बाजारातून कालच आणली, विकणारा आपल्या नात्यातलाच. भाऊंनी एकही प्रश्न विचारला नाही. बकरीच्या सडाला हात लावला, एक धार काढली आणि बोटावरचं दूध त्याला दाखवलं.

"दूध हाये. पिल्लू कोठी हाये?"

माणूस म्हणाला, असेल थोडं, चारा चांगला होता.

"चाऱ्यानं दूध येत असतं त म्याच चारा खाल्ला असता. हे गाभडलेली हाये. तुह्या नातेवाइकाले सांग का देवमननं इचारलं, दुसरी कितीक विकली."

बकरी परत गेली. माणूस जाताना बडबडत गेला की म्हाताऱ्याला स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही. भाऊंना ते ऐकू गेलं होतं. "सावली कोणाची हाये ते पाहाच लागते," ते मला म्हणाले.

गावात त्यांची चेष्टा चालायचीच. एकदा एका बाईनं आणलेली बकरी सरपंचाचीच लेक निघाली. भाऊंना गावातल्या सगळ्या बकऱ्यांचे आईबाप तोंडपाठ होते. त्यांनी नाही म्हटलं. बाई हसून म्हणाली, "जनावराले काय नातं, भाऊ?"

"त्याले नसन. मले हाये," भाऊ म्हणाले आणि तिला दुसऱ्या गावातल्या बोकडाचा पत्ता दिला.

त्यांचा एक नियम मात्र मला निव्वळ खुळचटपणा वाटला. भुंडी बकरी आणली की ते सरपंचाजवळ फिरकूच देत नसत. "भुंड्याले भुंडी लावली का पिल्लू धड बकरी नाही अन् धड बोकोड नाही," ते सांगत. त्यामुळे बायकांची पंचाईत व्हायची, कारण घरात लेकरं असली की बायका मुद्दाम बिनशिंगी बकरीच ठेवत. भाऊंनी त्यांच्यासाठी शेजारच्या वस्तीवरचा एक शिंगवाला बोकड ठरवून ठेवला होता, पण तो दोन मैल लांब. मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं की भाऊ, ही तुमची अंधश्रद्धा आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सडाविनाच दूध काढून दाखवते म्हणाले होते.

"कॉलेजात शिकवलं नाही का?"

घरी जाऊन मी जुनं पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शिंगं नसण्याचा गुण दोन्हीकडून आला तर होणाऱ्या पाटींमध्ये, म्हणजे मादी पिल्लांमध्ये, काही अर्धवट निपजतात, माद्या दिसतात पण त्यांना पिल्लं होत नाहीत. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'परीक्षेसाठी महत्त्वाचं नाही.' दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल केली. त्यांना त्याचं विशेष वाटलं नाही. पुस्तकात कुणी लिहिलं आणि त्यानं स्वतः बघितलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हापासून माझं त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं. मैत्री म्हणता येणार नाही. ते माझ्या प्रत्येक इंजेक्शनच्या बाटलीवरची तारीख वाचत आणि मी त्यांच्या प्रत्येक सांगण्याची पुस्तकात खात्री करून घेई. दोघांनाही एकमेकांचा हा स्वभाव पटत होता. घरात ते एकटेच. बायको फार पूर्वी गेली, तेव्हा मुलगी वनिता चार वर्षांची होती. तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, वेण्या घातल्या, भाकरी शिकवली आणि चांदूर रेल्वेला लग्न करून दिलं. जावई रेल्वे फाटकाजवळ चहाची टपरी चालवायचा. त्या जावयाची सोयरीक जमवताना भाऊंनी किती प्रश्न विचारले होते, याची गावात अजून आठवण काढत असत.

वनिता आली ती आषाढात. मी त्या दिवशी अंगणातच होते. एसटीतून उतरून ती पायी आली होती, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दाव्याला बांधलेली तांबडी बकरी. फाटकाजवळच्या एका टेम्पोवाल्यानं बकरी वलगावपर्यंत आणून दिली होती म्हणे. मुलगी वाळलेली दिसत होती, डोळ्याखाली काळं. तिनं पदराची गाठ सोडली आणि ढेप पुढे धरली.

"माजावर हाये, बाबा. तिकडं चांगला बोकोड नाही."

भाऊंनी ढेप घेतली. लगेच. बकरीकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीच्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं, आठ दिवस राहशील ना म्हणाले. वनिता आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, भाऊ, आज तपासणी नाही? ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

"तिले काय इचारू? माही पोरगी हाये."

बकरी आठ दिवस त्याच अंगणात बांधलेली होती. बाकीच्या बकऱ्या तिथेच येत, त्याच टाक्यात पाणी पीत. मला तेव्हा काही खटकायला हवं होतं. मी वकिलाची मुलगी, पण मलाही ते फार छान वाटलं, आणि छान वाटलं की माणूस डोळे मिटून घेतो.

दिवाळी झाली, कापूस घरात यायला लागला आणि गावातल्या बकऱ्या गाभडू लागल्या. पहिल्या आठवड्यात दोन, मग चार, मग रोज कुणी ना कुणी दारात. चौथ्या महिन्यातली पिल्लं, केसही धड न आलेली. बायका ती टोपल्यात घालून माझ्याकडे आणत आणि दारात ठेवत, जणू मी ती परत जिवंत करून देणार होते. मग बोलणी सुरू झाली. आधी संशय माझ्यावर आला. पावसाळ्याच्या तोंडाशी मी जे इंजेक्शन दिलं त्यानंच गर्भ पडले, असं चावडीवर ठरलं. मी कुठल्या बकरीला दिलं आणि कुठलीला नाही याची वही दाखवली, तर वही नंतर लिहिली असेल असं कुणी तरी म्हणालं. मग कपाशीवरच्या फवारणीवर संशय गेला. बकऱ्यांनी फवारलेली पानं खाल्ली असतील. मग सासवा-सुनांनी एकमेकींच्या अंगणाकडे बघायला सुरुवात केली. दोन शेजारणींनी एकमेकींशी बोलणं बंद केलं ते अजून बंद असेल.

आणि देवमनभाऊ घरोघरी फिरू लागले. त्यांचं फिरणं मला आठवतं. सकाळी हातात काठी घेऊन निघत, एकेका दारात उकिडवे बसत आणि विचारत. कधी गाभडली, पाणी कसं होतं, वार कुठे टाकली, कुत्र्यानं खाल्ली का. ज्या बायका एरवी त्यांच्या प्रश्नांना हसत त्या आता तोंड फिरवून उत्तरं देत होत्या. त्यांना वाटे, हा आपल्यावर ढकलतोय. तेही खोटं नव्हतं. भाऊंना वाटे की कुणीतरी बाईनं त्यांच्या अंगणात येऊन खोटं सांगितलं आणि ते खोटं त्यांनी पकडलं नाही.

मला एका आजाराचा वास येत होता. हा आजार गाभडलेल्या बकरीच्या पाण्यातून, वारेतून, दुधातून पसरतो आणि एकदा अंगणात शिरला की ते अंगण सोडत नाही. मी गाभडलेल्या बकऱ्यांचं रक्त घेतलं. मग म्हटलं, भाऊ, सरपंचाचंही घ्यावं लागेल.

"त्याचं काहून?"

"त्याच्याकडे सगळ्याच आल्या म्हणून."

ते बाजेवरून उठले. बोकडाचं तोंड त्यांनी स्वतःच्या मांडीत धरलं. मी रक्त घेतलं आणि सवयीनं खाली हात घातला. त्याचं एक वृषण दुसऱ्याच्या दुप्पट सुजलेलं होतं, कडक आणि गरम. मी भाऊंकडे बघितलं. त्यांनीही हात लावला आणि काढून घेतला.

"टक्कर झाली असन," ते म्हणाले. गावातल्या प्रत्येक बकरीचं शेपूट वर करून बघणाऱ्या माणसानं आपल्याच बोकडाला चार महिने हात लावला नव्हता.

प्रयोगशाळेतून कागद आला. सहा बकऱ्या आणि सरपंच, सगळ्यांत तोच आजार. भाऊंनी माझी उलटतपासणी घेतली. नळी कुणी भरली, नावं कुणी लिहिली, नेताना कुणाच्या हातात दिली, वाटेत अदलाबदल झाली नाही कशावरून? मी सगळ्याची उत्तरं दिली आणि तरी त्यांना पटेना. मी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी त्यांनी सरपंचाच्या नळीला स्वतःच्या हातानं लाल दोरा बांधला आणि तीन गाठी मारल्या. कागद परत तोच आला. नळी दोऱ्यासकट त्यांना दाखवावी म्हणून मी प्रयोगशाळेतून परत मागवली होती. त्यांनी गाठी मोजल्या आणि नळी माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊ," मी म्हटलं, "बाहेरून कोणती बकरी आली होती का?"

त्यांनी डोळे मिटले आणि वर्षभरात अंगणात आलेल्या बकऱ्या सांगायला सुरुवात केली. मालक, रंग, वेत, कुठल्या पंधरवड्यात. एकही चुकली नाही. मी ऐकत होते. त्या यादीत वनिताची तांबडी बकरी काही आली नाही. मला वाटलं, विसरले असतील. पण देवमनभाऊ विसरत नसत, आणि माझ्यातली वकिलाची मुलगी आता पुरती जागी झाली होती.

"एक राहिली, भाऊ."

"कोणती?"

मी टेबलावरची लाल दोऱ्याची नळी सरळ केली.

"ते घरची हाये," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ माझ्या टेबलावरची धूळ बोटानं पुसत बसले.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. कारण पुढचं मला सांगणं भागच होतं. मी म्हटलं, हा आजार बकरीपुरता नसतो. गाभडलेलं पिल्लू उघड्या हातानं उचललं, कच्चं दूध प्यालं तर माणसालाही होतो. संध्याकाळी ताप येतो, घाम सुटतो, सांधे धरतात. आणि बाईच्या पोटात असेल तर तेही राहत नाही कधी कधी.

भाऊंचं बोट थांबलं.

"तिले संध्याकाळचा ताप येते," ते म्हणाले. "आली तवा बी येत होता. मले वाटलं, उन्हातून आली." मग खूप हळू म्हणाले, "अन् तिचं एक गेलं. तीन महिन्याचं. जावायानं फोन केला होता. सासरचे म्हणून राहिले का पोरीतच दोष हाये. तिची सासू दुसरीकडं पाहून राहिली पोरासाठी."

म्हणजे दोष पोरीत नसेलही. हे मी म्हटलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चमकून गेलं आणि लगेच विझलं. कारण तपासायला न्यायचं तर वनिताला विचारावं लागणार होतं की ती बकरी गाभडली होती का, तुला माहीत होतं का. आणि तिला माहीत असेल तर? गावभर ज्या खोट्याचा ते काठी घेऊन शोध घेत होते ते त्यांच्याच घरात सापडणार होतं. न विचारता राहायचं तर पोरगी तापात झिजणार, आणि सासू स्थळं बघणार. मी त्यांच्यासाठी काय करू शकत होते? चहा मागवला. तो तसाच थंड झाला.

सरपंचाला विकता येणार नव्हतं, कापता येणार नव्हतं. गावात लगेच संशय उठला की म्हातारा त्याला गुपचूप बाजारात नेईल. भाऊंनी स्वतः दवंडीसारखं घरोघरी सांगितलं की उद्या सकाळी अंगणामागे या, डोळ्यानं पाहा. मी इंजेक्शन दिलं. बोकडाचं डोकं त्यांनी मांडीवर धरलं होतं. खड्ड्यात त्यांनीच चुना टाकला. मग उभे राहून म्हणाले, "माह्याच अंगणातून गेलं. म्या इचारलं नाही एका बकरीले. तुमचे पिल्लं माह्यामुळं गेले."

कुणाची बकरी, असं चौघांनी विचारलं. भाऊंनी सांगितलं नाही. मग बायकांनी तोंड सोडलं. कुठल्या बाहेरच्या व्यापाऱ्याची बकरी घेतली, काय घेऊन घेतली, आम्हाला मात्र शंभर प्रश्न. एकीनं ढेपेची पुरचुंडी त्यांच्या पायाशी फेकली. ते ऐकत उभे होते. मला सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी तोंड बंद ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्या सहांपैकी दोन बकऱ्या गावातून नाहीशा झाल्या. त्या मामाच्या घरी गेल्या असं मला सांगण्यात आलं. तो मामा कुठल्या बाजारात बसतो ते मी शोधायचा प्रयत्न केला, पण मामा सापडला नाही.

चार दिवसांनी भाऊ चांदूर रेल्वेला गेले आणि वनिताला घेऊन अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात आले. मला त्यांनी सोबत बोलावलं होतं, कारण तिथल्या डॉक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. तिचं रक्त पुढे तसंच निघालं. सहा आठवडे गोळ्या झाल्या, ताप गेला, आणि जावई नंतर दर खेपेला टपरी बंद ठेवून तिच्यासोबत आला, एवढं मला नंतर फोनवर कळलं. त्या फेरीनंतर लगेच माझी बदली झाली होती. देवमनभाऊंना मी शेवटचं बघितलं ते अमरावतीच्या दवाखान्यातल्या त्या पहिल्याच दिवशी.

बाकड्यावर आम्ही तिघं बसलो होतो. रांग मोठी होती. भाऊ वाटेत तिच्याशी काही बोलले नव्हते, हे दोघांच्या बसण्यावरूनच कळत होतं. आता ते घसा साफ करत होते, दुपट्टा सारखा करत होते आणि थांबत होते. ज्या माणसानं हजार बायकांना तोच प्रश्न बिनदिक्कत विचारला त्याला तो आपल्या मुलीपुढे तोंडातून काढता येत नव्हता. शेवटी वनिताच म्हणाली.

"बाबा, ते गाभडली होती. मले माहीत होतं. म्याच ह्या हातानं गाडलं ते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी इचारसान म्हणून वाट पाह्यली. रस्त्यानं सगळं ठरवून आली होती. तुमी ढेपच घेतली."

"पण तू बी त बोलू शकत होती."

"बकरीचं सांगतलं असतं त माह्यं बी सांगा लागलं असतं," ती म्हणाली. "एक नाही गेलं, बाबा. दोन गेले. पयल्याचं मी घरी बी कोणाले सांगतलं नाही. माय असती त तिले सांगतलं असतं."

भाऊ समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि त्यांचा हात बाकड्यावरून सरकत तिच्या पिशवीवर येऊन थांबला होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण आमचा नंबर पुकारला गेला.

डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. कागदावर नाव, वय, गाव लिहून तिनं मान वर न करताच विचारलं, याआधी गर्भ राहिला होता का, किती वेळा पडला. वनिता खाली बघत राहिली. डॉक्टरणीनं पुन्हा विचारलं, जरा चिडून.

"दोन खेपा," देवमनभाऊ म्हणाले. "मी तिचा बाप हावो. दोन लिहा."